चौदा किलोंची बचत

खोली बघायला गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी माझं नाव विचारायच्या आधी माझी बॅग वजनकाट्यावर चढवली. तेवीस किलो भरली. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खेदाने मान हलवली.

"विमानात चालतं म्हणून आणता तुम्ही लोक," ते म्हणाले. "यातले नऊ किलो तरी तुम्हाला कधीच लागणार नाहीत."

मग त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि प्रश्न विचारला. पगार, नोकरी, स्वयंपाक करणार का, सिगारेट ओढता का, असे प्रश्न सिंगापुरातला घरमालक विचारतो, त्यांची उत्तरं मी तयार ठेवली होती. या गृहस्थांनी विचारलं, "चारचाकीचं इंजिन की मोटरसायकलचं?"

"कशासाठी?"

"स्पोर्ट्स कारसाठी. छोटी, दोन सीटची, साडेपाचशे किलोंच्या आतली. सुटे भाग पेट्यांतून येतात, आपण जोडायची. इंजिन आपण निवडायचं. बोला."

मला वाटलं, काहीतरी अद्ययावत बोलावं. म्हणालो, "इलेक्ट्रिक."

"बॅटरी," ते म्हणाले. "म्हणजे शाळेचं दप्तर पाठीला लावून शर्यतीत धावायचं." ते उठून उभेच राहिले. मुलाखत बहुधा संपली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, त्याला आधी पाणी तरी द्या!" पाण्यामुळे मी आणखी पाच मिनिटं बसलो आणि त्या पाच मिनिटांत खोली मला मिळाली. तिला दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतं, हे मला नंतर कळलं. आधीचे तीन भाडेकरू त्या इंजिनाने पळवून लावले होते.

फ्लॅट वुडलँड्सला, अकराव्या मजल्यावर. माझं ऑफिस तांजोंग पगारला, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. रोज एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दोन वेळा मिळून दोन तास जात, आणि खरं सांगतो, ते दोन तास मला सुखाचे वाटत. त्या दोन तासांत मला इंजिनाबद्दल कोणी काही विचारत नसे.

त्यांना मी काका म्हणू लागलो आणि त्यांच्या पत्नीला काकू. काका मूळचे सांगलीकडचे. तीस वर्षांपूर्वी इथे आले, जहाजांचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत चिकटले आणि तिथेच निवृत्तीपर्यंत पोचले. या तीस वर्षांत त्यांनी एकही गाडी घेतली नाही. स्पोर्ट्स कार सोडा, साधी जुनी चारचाकीसुद्धा नाही. लायसन्स मात्र वेळच्या वेळी नवं करत. ते प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढून ठेवलेलं असे, कारण पाकिटाचं वजन होतं चार ग्रॅम.

वजन हा त्यांचा धर्म होता. "वजन हे पाप आहे," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी ड्रिलने भोकं पाडली होती. उलथन्याच्या दांड्याला भोकं, कंगव्याच्या मुठीला भोकं, दाराला लटकवलेल्या शूहॉर्नला भोकं. टूथब्रशचं शेपूट कापलेलं. घरात मुळात भोकं असलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे झारा. त्यालाही त्यांनी आणखी पाडली होती, त्यामुळे बुंदी पाडायला गेलं की खाली शेव पडे. डावाच्या दांड्यातल्या भोकांतून आमटी काकूंच्या मनगटावर ओघळे. त्या मनगट पुसत.

हा सगळा त्याग करणारा माणूस स्वतः चौऱ्याण्णव किलोंचा होता. काट्यावर सगळं चढे, ते स्वतः कधी चढत नसत. आकडा मला ठाऊक होता कारण हॉस्पिटलचा कागद फ्रिजवर लावलेला होता. जिलेबीचं ताट समोर ठेवून ते मला सांगत, की बॉनेटच्या बिजागऱ्या ॲल्युमिनियमच्या केल्या तर दोनशे ग्रॅम वाचतात. मी ऐकून घेई. नवीन माणसाला दुसऱ्याच्या घरात ऐकून घ्यावंच लागतं. पण मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हणत असे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता त्या इंजिनांबद्दल. उमेदवार चार होते. पहिलं, मोटरसायकलचं. हलकं, जोरात किंचाळणारं, पण त्याला रिव्हर्स गिअर नसतो. दुसरं, एखाद्या साध्या कौटुंबिक गाडीचं दोन लिटरचं. शहाणं, टिकाऊ, सुटे भाग कुठेही मिळतात. तिसरं, तेच, पण टर्बो लावलेलं. चौथं, आठ सिलिंडरचं, आवाज भव्य, पण गाडीचं नाक जड होतं आणि वळणावर ती सरळच जाते म्हणे. अकरा वर्षं हा माणूस या चारांतून एक निवडत होता. अकरा वर्षं! या काळात त्यांच्या मुलीचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न होऊन ती पर्थला गेली. तिथून फोनवर ती म्हणे, "पप्पा, जस्ट पिक वन, लाह!" काका फोन काकूंकडे देऊन टाकत.

निवडीसाठी त्यांनी एक तक्ता केला होता. रकाने एकेचाळीस. ताकद, वजन, आवाज, कंप, तेल किती पितं, जोहोरच्या उकाड्यात किती तापतं. जोहोर यासाठी की सिंगापुरात अशी घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायचे सोपस्कार करता करता माणूस संपून जाईल. तेव्हा गाडी पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरमध्ये एका गराजच्या शेडमध्ये ठेवायची आणि तिथल्याच ट्रॅकवर पळवायची, असा बेत होता. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसे आणि खाडीपलीकडे जोहोर. काका चहा पिताना तिकडे बघत आणि मग मोटरसायकलला दोन गुण वाढवत. दुपारी ते कमी करत.

तक्त्यावर माझ्याकडून टीका मागवली जाई. एकदा मी म्हणालो, "काका, पण रिव्हर्स नसेल तर गाडी मागे कशी घ्यायची?"

"उतरायचं आणि ढकलायचं," ते म्हणाले. "गाडी हलकी आहे ना! तोच तर मुद्दा आहे." आणि एवढा उघड मुद्दा मला कळू नये याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

दिवाळीच्या फराळाला कोणी आलं की त्यांच्या हातात चकली पडायच्या आत काका फोनवर चार इंजिनांचे आवाज लावत आणि ओळखायला सांगत. मग मतदान. पुण्या-मुंबईचे आयटीतले सभ्य लोक, काय करणार बिचारे, हात वर करत. कुठल्याही निकालाने काकांचं समाधान झालं नाही. पुढच्या वर्षी त्यातले निम्मे लोक फराळ डब्यात घालून देण्याची विनंती करू लागले. खरं तर या माणसाला गाडी नकोच होती. गाडी आली की निवड संपणार, आणि निवड संपली की हा करणार काय? मला हे दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. अकरा वर्षांत कोणाला कसं कळलं नाही, याचंच मला नवल वाटे.

या सगळ्या पोरखेळात एकच गोष्ट खरी होती. काकूंना त्या गाडीत बसायचं होतं.

लग्न झालं तेव्हा काकांकडे स्कूटर होती, आणि काकूंनी तिच्या मागच्या सीटवरून सांगली ते नरसोबाची वाडी असा सगळा मुलूख पाहिला होता. सिंगापुरात आल्यावर स्कूटर गेली. मग काकूंचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण तो पाय पूर्ण वाकेना. बसच्या पायऱ्या चढताना लोक मागे थांबून राहत आणि काकूंना ओशाळं होई. इंजिनाची पहिली चर्चा निघाली त्या दिवशी काकांनी शब्द दिला होता, "पहिली फेरी तुझी." त्या शब्दावर काकूंनी अकरा वर्षं डावातून ओघळणारी आमटी पुसली होती.

"हे वेडं आहे, मला माहीत नाही का?" त्या मला म्हणाल्या होत्या. "पण बघ ना, अशा उघड्या गाडीत दार नसतं, छप्पर नसतं. वरून पाय टाकायचा, खाली सरकायचं आणि पाय लांब सोडून बसायचं. मला बसता येईल. एक फेरी झाली की मग यांनी ती विकली तरी माझी हरकत नाही."

लिटल इंडियात चोवीस तास उघडं असणारं मोठं दुकान आहे, तिथून त्यांनी वाऱ्यासाठी एक लाल स्कार्फ आणला. काकांनी तो काट्यावर ठेवला. "चाळीस ग्रॅम," ते म्हणाले. "चालेल." काकूंचा चेहरा असा खुलला की मला काकांचा संताप आला. एका स्कार्फला परवानगी देणारा हा कोण?

त्यांचा आणखी एक पराक्रम सांगतो. एका रविवारी आम्ही तिघं पुलाउ उबीन या छोट्या बेटावर गेलो. बंबोटीतून, म्हणजे तिथल्या छोट्या मोटारबोटीतून, उतरलं की समोरच भाड्याच्या सायकलींची दुकानं आहेत. काकूंना सायकल शक्य नव्हती, म्हणून त्या धक्क्याजवळच्या बाकावर शहाळं घेऊन बसल्या. मी आणि काका निघालो. पहिल्या वळणावर काका उतरले, खिशातून पाना काढला आणि सायकलीची टोपली, घंटी, स्टँड आणि दोन्ही मडगार्ड काढून पिशवीत भरले. ती पिशवी माझ्या सायकलीला लटकवली. संध्याकाळी त्यांनी सायकल एका हाताने आणि पिशवी दुसऱ्या हाताने दुकानदारबाईंना परत केली.

"अंकल! व्हाय यू ब्रेक माय बायसिकल?" बाई ओरडल्या.

"नॉट ब्रोकन, आंटी. लाइटर."

"लाइटर फॉर व्हॉट? यू सो बिग!"

सगळा धक्का हसला. बाकावरून काकूही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण परतताना बोटीत त्या हळूच मला म्हणाल्या, "दिवसभर त्या बाकावर बसून कंटाळा आला रे." काका तेव्हा शेजारच्या प्रवाशाला बोटीच्या इंजिनातले दोष समजावून सांगत होते.

मग एका सोमवारी इंग्लंडहून पत्र आलं. गाडीचे सुटे भाग बनवणारा तिथला म्हातारा कारखाना बंद करत होता. शेवटच्या काही गाड्या उरल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म भरून पाठवा, नाहीतर विषय संपला.

मला मनापासून आनंद झाला. आता हा माणूस उघडा पडणार, असं मी त्या रात्री बायकोला फोनवर सांगितलंसुद्धा. ती पुण्यात होती, तिलाही आता इंजिनं पाठ झाली होती. पण शुक्रवारी ऑफिसातून आलो तर काका टेबलाशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. लॅपटॉप माझ्या जागेसमोर ठेवलेला.

"मोटरसायकल," ते म्हणाले. "टाइप कर, माझं मन बदलायच्या आत."

मी टाइप केलं. अकरा वर्षांची निवड एका क्लिकमध्ये झाली. पण फॉर्म तिथे संपत नव्हता. पुढे एक लांबलचक यादी होती, वजन कमी करण्यासाठी गाडीतून काय काय वगळायचं त्याची. यासाठी काकांकडे त्यांची खास पद्धत होती. पंपांच्या कंपनीत ती त्यांनी बसवली होती म्हणे, आणि तिच्याबद्दल त्यांना एक प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं.

"वस्तूचं नाव वाचायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "फक्त वजन वाचायचं. नाव ऐकलं की माणूस भावनेत अडकतो. पाव किलोच्या वर जे जे असेल, ते ते काढायचं."

मी वाचू लागलो. "सहा किलो." "काढ." तो हीटर होता. "नऊ किलो." "काढ." ती समोरची काच. "अकरा." "काढ." ते जादा चाक. काका डोळे मिटून बसले होते, पूजेला बसावं तसे.

पुढच्या ओळीवर मी थांबलो. तिथे लिहिलं होतं, ड्रायव्हरशेजारची सीट, तिचे पट्टे आणि पाय ठेवायची जागा. ती वगळली तर तिथे पत्रा ठोकून मिळेल.

"काका, हे जरा..."

"नाव नाही. वजन."

"चौदा किलो."

"चौदा!" त्यांचा चेहरा उजळला. "काढ, काढ!"

काकू स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज येत होता. मी एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. पण खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली. या माणसाची अक्कल एकदा जगाला दिसू दे, असं वाटलं. आणि शिवाय, पेट्या कुठल्या येतायत, म्हणून मी चौकटीत खूण केली. शेवटी "दोनशे ग्रॅम" आलं आणि काका उदारपणे म्हणाले, "राहू दे." तो हॉर्न होता. ट्रॅकवर हॉर्न कोणाला वाजवायचा होता, कोण जाणे. पण अशा रीतीने त्या गाडीला हॉर्न मिळाला.

पेट्या आल्या. जोहोरच्या गराजचा मालक, ज्याला सगळे तावके, म्हणजे शेठ, म्हणत, त्याने आपल्या माणसांकडून पाच महिन्यांत गाडी उभी केली. काकांनी त्या पाच महिन्यांत शेडमध्ये पाऊल ठेवलं नाही. अर्धवट गाडी बघितली तर आपण इंजिन बदलायला सांगू, ही भीती त्यांना होती आणि ती रास्त होती. मी एकदा जाऊन बघून यायला हवं होतं. पत्रा ठोकलेला असेल हे मला माहीत होतं. पाचही महिने रोज सकाळी काकूंनी दिलेला चहा पीत मी गप्प राहिलो. आधी गंमत होती, मग ती सांगायची लाज वाटू लागली.

त्या शनिवारी आम्ही तिघं बसने पूल ओलांडून गेलो. काकूंनी लाल स्कार्फ बांधला होता आणि हातात एक गादी होती, पाठीला लावायला घरी शिवलेली. तिचं वजन काकांनी विचारलं नाही, तेवढा चांगुलपणा त्या दिवशी त्यांच्यात होता.

गाडी शेडच्या आत भिंतीकडे तोंड करून उभी होती. निळी, बुटकी, आणि कबूल करतो, सुंदर.

"फिनिश ऑलरेडी, बॉस," तावके म्हणाला. "व्हेरी लाइट."

काकू गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या. उजवीकडे स्टिअरिंग आणि एक सीट होती. डावीकडे रिबिटांनी ठोकलेला सपाट ॲल्युमिनियमचा पत्रा होता. त्यांनी गादी त्या पत्र्यावर ठेवून पाहिली. ती घसरून खाली पडली.

"अहो, मी कुठे बसायचं?"

काकांनी गाडीला एक फेरी मारली. सीट मागे कुठे असेल, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी तावकेकडे बघितलं.

"पॅसेंजर सीट नो हॅव," तावके म्हणाला. "पेपर से वन सीट ओन्ली, लाह." त्याने फॉर्मची प्रत आणून दिली. काकांनी चष्मा लावला आणि ती यादी आयुष्यात पहिल्यांदा नावांसकट वाचली. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"चौदा किलो," ते पुटपुटले. वजन त्यांच्या लक्षात होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू वाचलं होतंस ना हे?"

"तुम्हीच म्हणालात, नाव वाचायचं नाही."

हे उत्तर मी पाच महिने घोटून ठेवलं होतं. फार बिनतोड आहे असं मला वाटत होतं. शेडमध्ये ते ऐकताना मला स्वतःचीच किळस आली.

काकूंनी पडलेली गादी उचलून झटकली. त्या काकांवर ओरडतील असं मला वाटलं, पण त्या माझ्याकडे वळल्या. "हा माणूस वेडा आहे, हे मला लग्नापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू तर शहाणा होतास ना रे? रोज त्याला हसत होतास. मला वाटायचं, घरात एक तरी शहाणा माणूस आहे."

मी पत्र्यावरच्या रिबिटा मोजू लागलो.

त्यांनी चपला काढल्या, माझ्या खांद्यावर हात टेकला, कारण आधाराला दुसरं काही नव्हतं, आणि उजव्या बाजूने ड्रायव्हरच्या सीटवर उतरल्या. न वाकणारा पाय सरळ पुढे गेला, अगदी बेताने बसला. त्यांनी गादी पाठीला लावली, स्कार्फची गाठ घट्ट केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"अगं, तिथे कुठे? तुला चालवता कुठे येते?" काका म्हणाले. "आणि तोंड भिंतीकडे आहे. हिला रिव्हर्स नाही."

"माहीत आहे मला. अकरा वर्षं ऐकलंय," काकू म्हणाल्या. "गाडी हलकी आहे ना? मग ढकला."

काका गाडीच्या नाकापाशी गेले. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. आम्ही गाडी मागे ढकलत शेडबाहेर उन्हात आणली, मग पाठीमागे जाऊन पुढे ढकलू लागलो. काकू स्टिअरिंग फिरवत होत्या. गंजलेल्या ड्रमच्या बाजूने, तावकेच्या कुत्र्याला वळसा घालून, आवाराची एक फेरी झाली. जोहोरचं ऊन रणरणत होतं. काकांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेडच्या दाराशी आल्यावर ते धापा टाकत थांबले, म्हणून मीही थांबलो.

काकूंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी हॉर्न वाजवला.